शेंडा खुडायला हात धजत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: घरात आठ महिन्यांपासून माशांचा, गोड्या पाण्याचा टँक आहे. 75 सेंटिमीटर लांब, 35 रुंद, 40 उंच. त्यात बारा निऑन टेट्रा, काही गप्पी आणि आपोआप आलेल्या गोगलगायी. मागची काच झाकायला हायग्रोफिला पॉलिस्पर्मा हे पाण्यात वाढणारं रोप लावलं, कारण 'हे कुठेही वाढतं' असं ज्यानं त्यानं सांगितलं. वाढलंही. आता ते पाण्याच्या वरच्या थरात आडवं पसरलंय. वर हिरवंगार छप्पर आणि खाली नुसत्या तपकिरी काड्या. जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतायत (संशय गोगलगायींवर), वरच्या पेरांतून पांढरे धागे लोंबतायत. उजेड कमी पडत असेल म्हणून दिवा रोज अकरा तास ठेवला, तर शेवाळ आलं. पाण्याच्या चाचणीत नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून साचणारं नायट्रोजनचं संयुग, शून्य येतं, म्हणजे पाणी स्वच्छच आहे. मग चुकतंय कुठे? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा, की सगळं उपटून प्लॅस्टिकची रोपं लावावीत? छाटणी करा असंही काही जण म्हणतात. पण इतकं जोमदार रोप कापायला हात धजत नाही. शिवाय नऊ वर्षांची मुलगी रोज काचेला पट्टी लावून त्याची उंची वहीत लिहिते. कात्रीचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

आधी त्या पांढऱ्या धाग्यांचं सांगते, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी, भीत भीत लिहिलंय. तो रोग नाही. ती मुळं आहेत. हायग्रोफिलाच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं असतात, प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो आणि त्याच पेरातून मुळंही फुटू शकतात. त्यासाठी माती लागत नाही, पाण्यात लोंबकळतही ती फुटतात. म्हणजे तुमच्या छपराला लागलेला प्रत्येक शेंडा खालच्या काडीवाचून जगायच्या तयारीत आहे. मुलीला आज एवढंच दाखवा. कात्रीचा विषय दोन दिवसांनी काढा.

आता 'जोमदार' या शब्दाबद्दल. रोप भराभर वाढतंय म्हणजे ते मजेत आहे, हे आपण गृहीत धरतो आणि ते अर्धंच खरं असतं. मागच्या रांगेत लावायची ही उभ्या देठांची रोपं मुळात उजेडाकडे धावणारी. दाटीवाटीनं लावली की एकमेकांच्या सावलीतून सुटण्यासाठी ती कांडी लांबवतात, पानं विरळ करतात आणि वर पोचली की तिथे आडवी होतात. वर उजेड भरपूर, हवेतला कार्बन डायऑक्साइड हाताशी. खाली उरतो अंधार. आणि पान फुकट पोसलं जात नाही. सावलीतलं पान जितकं कमावतं त्याहून जास्त श्वसनात खर्च करायला लागलं, की रोप त्यातलं नायट्रोजन, पोटॅशियम वगैरे परत ओढून घेतं, शेंड्याकडे पाठवतं आणि पान सोडून देतं. तुम्हाला दिसणाऱ्या तपकिरी काड्या हा त्या व्यवहाराचा हिशेब आहे. त्यात तुमची हेळसांड नाही, आणि रोपाचा आजारही नाही.

म्हणूनच दिव्याचा उपाय उलटला. वाढवलेला उजेड छपरावर पडला. छप्पर आणखी दाट झालं, खालचा अंधार होता तसाच राहिला, आणि जो उजेड कुणाला वापरता आला नाही तो शेवाळाच्या कामी आला. अकरा तासांवरून सरळ सात तासांवर या. रोज स्वतः बटण दाबत असाल तर एक साधा टायमर लावा. 'आज थोडा उशिरा बंद केला' हे शेवाळाला फार आवडतं.

नायट्रेट शून्य असल्याचा तुम्हाला अभिमान वाटतोय, तो मला थोडा मोडावा लागणार. फक्त मासे असलेल्या टँकमध्ये शून्य ही चांगली बातमी असेल. रोपांनी भरलेल्या टँकमध्ये शून्याचा अर्थ असा, की ताट चाटूनपुसून साफ झालंय आणि जेवणारा अजून पाटावरच बसलाय. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून येणारा नायट्रोजन तुमचं हायग्रोफिला हातोहात संपवतंय. रोपांच्या टँकमध्ये नायट्रेट दर लिटरला 10 ते 20 मिलिग्रॅम असावं, अशा बेतानं मी चालते. मासे त्यानं बिघडत नाहीत.

भोकांचा प्रश्न याच्याच शेजारचा. गोगलगायींवर तुमचा संशय आहे, पण त्यांना शिक्षा करण्यापूर्वी एक पान काढून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि नीट बघा. कुणी कुरतडलं असेल तर कड वेडीवाकडी असते, भोकाभोवतीचा भाग हिरवागार राहतो आणि कोवळी पानंही सुटत नाहीत. तुम्ही लिहिलंय तशी बारीक, गोल, पिवळ्या-तपकिरी कडेची भोकं आणि तीही फक्त जुन्या पानांवर, ही बहुतेक वेळा पोटॅशियमच्या उपासमारीची खूण असते. हायग्रोफिला तर त्यासाठी बदनामच आहे. मरू लागलेल्या पानावर गोगलगायी येतात आणि भोक मोठं करतात हे खरं, पण त्या नंतर येतात. माशांच्या खाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फेट बऱ्यापैकी मिळतं, पोटॅशियम त्या मानानं कमी. नळाच्या पाण्यातही ते बहुधा थोडंच असतं. एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं एक नियम ओळखला जातो: वाढ किती होणार हे मुबलक असलेल्या गोष्टी ठरवत नाहीत, सर्वांत तोकडी असलेली एकच गोष्ट ठरवते. पिंपाची एक फळी बुटकी असेल तर पाणी तिच्याच उंचीपर्यंत राहणार, तसं. तुम्ही आधीच उंच असलेली उजेडाची फळी आणखी उंच केलीत.

थोडं गणित, कारण 'जरासं खत घाला' हा सल्ला मला स्वतःला कधी कळला नाही. तुमच्या टँकची मापं गुणली की 105 लिटर होतात. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण 90 लिटर. पोटॅशियम सल्फेटमध्ये वजनाच्या जवळजवळ 45 टक्के पोटॅशियम असतं. म्हणजे 2 ग्रॅम पावडर 90 लिटरमध्ये घातली की दर लिटरला 10 मिलिग्रॅम पोटॅशियम वाढतं. पोटॅशियम नायट्रेट मिळत असेल तर एकाच डब्यात दोन्ही कामं होतात: दीड ग्रॅममधून दर लिटरला सुमारे 10 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 6 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. यातलं एकच निवडा. तुमचं नायट्रेट शून्यावर आहे म्हणून मी दुसऱ्याकडे झुकते. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजा, कपभर पाण्यात विरघळवा आणि फिल्टरच्या प्रवाहात ओता. आठवड्यातून एकदा, तेही तिसरा हिस्सा पाणी बदलल्यानंतर, म्हणजे काही साचून राहणार नाही. चाचणीत नायट्रेट 20 च्या वर दिसलं तर त्या आठवड्याला सुट्टी. हे तोलणं-मापणं नको असेल तर जलरोपांसाठीचं तयार द्रवखत घ्या. त्यात लोह आणि इतर सूक्ष्म द्रव्यंही असतात. पण बाटलीवरची रचना वाचा. काही बाटल्यांमध्ये नायट्रोजन मुद्दाम घातलेला नसतो, आणि तुम्हाला तर तोच हवाय.

एक सांगून ठेवते: पडलेली भोकं बुजणार नाहीत. जुनं पान बघून 'काहीच फरक नाही' म्हणाल तर फसाल. आज जे सर्वांत वरचं पान आहे ते तीन आठवड्यांनी जुनं होईल, तेव्हा त्याला भोक पडतं का ते बघा.

सिलिंडरबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित रुक्ष वाटेल. घेऊ नका. निदान आत्ता तरी. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे पाण्यातल्या रोपांना त्याची चणचण असते हे खरंच आहे. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात तो दर लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर सिलिंडर लावणारे 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यानं लाल, नाजूक, हट्टी रोपं खुलतात. तुमची अडचण मात्र वाढ कमी असण्याची नाहीच. जे घोडं आवरत नाही त्याला आणखी खुराक कशाला? शिवाय मात्रा चुकली तर मासे वर येऊन धापा टाकतात, आणि घरात नऊ वर्षांचं माणूस आहे जे ते सगळं वहीत लिहील.

आता कात्री.

तुम्ही छाटणीला शिक्षा समजताय, आणि माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते देठातून खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा आहे तोवर खालचे डोळे झोपलेलेच राहणार. तो खुडला की वरच्या पेरातले दोन्ही डोळे जागे होतात, आणि एका काडीच्या जागी दोन फांद्या येतात. कुंडीतलं झाड दाट व्हावं म्हणून आपण बिनदिक्कत शेंडा खुडतो. काचेमागे गेल्यावर तेच रोप आपल्याला दागिन्यासारखं वाटू लागतं, का कोण जाणे.

पण एका दिवसात सगळं कापू नका. यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. एका सुट्टीच्या दिवशी उत्साहाच्या भरात मी मागची अख्खी रांग मुळांसकट उपटली. वाळूत वर्षभर बसलेला गाळ एकदम वर आला, पाणी ताकासारखं झालं आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून उभे राहिले. मध्यरात्रीपर्यंत पाणी बदलत बसले. मासे वाचले. पण दोन आठवड्यांत शेवाळानं टँक गिळला, कारण खत खाणारं तोंडच मी काढून टाकलं होतं. तेव्हापासून माझा नियम असा: एका वेळी तिसरा हिस्सा, आणि मुळं ओढायची नाहीत. देठ वाळूच्या पातळीला कापायचा, मुळं आत राहू द्यायची. ती सावकाश कुजतात.

पहिल्या दिवशी उजवीकडचा तिसरा भाग घ्या. वरचे 15 ते 20 सेंटिमीटरचे निरोगी शेंडे कापा, काप पेराच्या जरासा खाली. कापलेल्या शेंड्याच्या खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका आणि ती दोन्ही पेरं वाळूत जातील असा तो लांब चिमट्यानं तिरका खोचा. सरळ खोचलेला देठ तरंगून वर येतो, तिरका बसतो. प्रत्येक देठ सुटा, दोन देठांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर. विकत आणताना देठांची जुडी शिशाच्या पट्टीनं बांधलेली असते. बरेच जण ती तशीच वाळूत पुरतात आणि मग आतले देठ का कुजले म्हणून हळहळतात. पुढच्या बाजूला आखूड, मागे उंच असे लावलेत तर खालपर्यंत उजेड पोचेल आणि समोरून काड्या दिसणार नाहीत.

उरलेल्या उघड्या काड्यांचं काय? गळलेलं पान त्या जागी परत येत नाही. काडीत जीव असेल तर पेरातून नवी फूट येते, पण ती यायला वेळ लागतो आणि इतक्या म्हाताऱ्या काडीची फूट अशक्त निघते. तुमच्या काड्या आठ महिन्यांच्या आहेत, म्हणून माझं मत त्या काढून फक्त शेंडे लावण्याकडे आहे. पुढच्या वेळपासून मात्र वेळेवर कापलंत, तर खालचं खोड जागेवर ठेवून नुसता शेंडा खुडता येईल. दोन-तीनदा असं केलं की खोड थकतं, मग पुन्हा शेंडे लावून नवी सुरुवात. मधला आणि डावा भाग दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं घ्या. काम संपल्यावर तरंगणारी पानं जाळीनं काढा आणि फिल्टरच्या तोंडाशी काही अडकलंय का बघा.

ज्यांनी हे रोप नुकतंच आणलंय त्यांच्यासाठी जाता जाता: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पानं विरघळल्यासारखी झाली तर घाबरू नका. रोपवाटिकेत ही रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती जाड पानं पाण्यात टिकत नाहीत; पाण्याजोगी पातळ पानं शेंड्याकडून येतात. तुमच्या शेंड्यांना हा प्रश्न नाही, ते पाण्यातच वाढलेले आहेत.

प्लॅस्टिकचाही पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. हायग्रोफिला जगवायला सोपं, आवरायला नाही, हे विकणारा कधी सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांतून अर्धा तास हात ओले करायची तयारी नसेल तर हे रोप तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा कसला? मग जावा फर्न लाकडाला बांधा, किंवा उंच जातीचं क्रिप्टोकोरीन लावा. ती सावकाश वाढतात, महिनोन्महिने कात्री मागत नाहीत. व्हॅलिस्नेरियाही पुष्कळांना आवडतं, पण त्याचं पान अर्ध्यात कापलं तर कड तपकिरी पडते आणि धुमारे वाळूखालून पुढच्या भागात घुसतात, म्हणजे आवरणं आलंच. प्लॅस्टिक लावलंत तर नायट्रेट खाणारं कुणी उरणार नाही. पाणी जास्त वेळा बदलावं लागेल एवढं धरून चला. तुमच्या पत्रातला सूर पाहता मला वाटत नाही की तुम्हाला हे रोप नकोय. त्याचा तुमच्यावर ताबा बसलाय, तो तेवढा नकोय.

कापलेल्या काड्यांबाबत मात्र मी गंभीर आहे. त्या गटारात, ओढ्यात, तळ्यात टाकू नका. या रोपाचा पेराचा तुकडा, कधी कधी नुसतं सुटलेलं पानसुद्धा, नवं रोप होतं. दक्षिण आशियातलं हे रोप अमेरिकेत फ्लोरिडा आणि टेक्ससच्या पाण्यात पसरलंय आणि तिथे ते केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. जलपर्णीनं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. काड्या उन्हात कडक वाळवा, मग कुंडीत खत म्हणून घाला.

आणि आता वही. मुलगी रडते कारण कापलं की तिचा आकडा खाली येतो. तीन महिने वर चढलेली रेघ एका दिवसात कोसळते. 'रोपाला दुखत नाही' असं समजावण्यात अर्थ नाही, तिचं दुःख तिथे नाहीच. तिला मोजायला दुसरं काहीतरी द्या. एका शेंड्याला लावण्यापूर्वी पांढरा सुती दोरा सैल बांधायचा आणि दोऱ्याच्या वर किती पेरं झाली ते दर रविवारी मोजायचं. हा आकडा पुढच्या छाटणीपर्यंत तरी खाली येत नाही. शेजारी एक खोड असं ठेवा, की ज्यावर बरीच पानं शिल्लक आहेत. त्याचा शेंडा खुडा आणि दोन फांद्या पहिल्यांदा कुणाला दिसतात यावर पैज लावा. साधारण आठवडाभरात बगलेत हिरवा ठिपका दिसू लागतो. मोठ्यांना तो चष्मा लावून शोधावा लागतो, त्यामुळे पैज ती जिंकेल.

एक न कापलेला देठ तिच्या नावानं उजव्या कोपऱ्यात राहू दे. तो वर जाईल, आडवा होईल, खालची पानं टाकेल. त्याची उंची ती हवी तितके दिवस लिहू दे. शेजारचे कापलेले दाट झाले, की बहुतेक तीच कात्री मागायला येईल. नाही आली तरी एका देठानं टँकचं काही बिघडत नाही.